तिथे थांबायचं नसतं

लिफ्टचं दार मिटता मिटता तिने पाय घातला आणि आत शिरली. तिसऱ्या मजल्यावरची, चौथीतली, दोन वेण्या, पाठीवर स्वतःहून मोठं दप्तर. "काका, तुमचं गाणं चुकीचं आहे." एवढंच. मी विचारलं, कुठलं गं? म्हणाली, कोजागरीचं. शाळेत स्नेहसंमेलनासाठी गाणाऱ्या मुलांची निवड चालली होती. हिने तेच गाणं म्हटलं आणि ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीत एका शब्दापाशी थांबली. "मिस म्हणाल्या, का थांबलीस? तिथे थांबायचं नसतं. मी म्हटलं, थांबायचंच असतं, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे थांबतात." तोवर तळमजला आला आणि ती बसकडे पळाली. निवड झाली की नाही, हे विचारायचंही राहून गेलं.

गाण्याचं नाव सांगत नाही, उगाच त्या संगीतकाराची बदनामी. गच्चीवर दूध आटत असतं, कुणीतरी वेलदोडे कुटत असतं आणि कुणीतरी हमखास ते सुरू करतं, इतपत ओळख पुरे. अकरा वर्षं ते मी गिटारवर वाजवतोय. चार कॉर्डांत, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या चार जुड्यांत बसतं: सी, ए मायनर, एफ, जी. दुसऱ्या ओळीत सीवरून एफवर जायचं असतं आणि तिथे मला वेळ लागतो. फार नाही, अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात बायको श्वास घेते. पोरं टाळीसाठी उचललेले हात हवेतच धरून ठेवतात. तळमजल्यावरचे काका तबल्यावर बसतात, त्यांनी त्या फटीत एक 'तिरकिट' बसवून टाकलंय, आणि ते इतकं सुबक आहे की कधीकधी मलाच वाटायचं, संगीतकाराने ही जागा मुद्दामच ठेवली असावी. म्हणजे माझी अडचण अख्ख्या बिल्डिंगने पाठ केली होती, आणि पाठ करून तिची पद्धत झाली होती.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. लाज वाटत होती हे खरं, पण तिच्या आड थोडी गुदगुल्यांसारखी भावनाही होती, की बघा, माझी एक 'जागा' तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. मग त्या पोरीचा वर्गात उभा असलेला चेहरा डोळ्यासमोर यायचा, आणि गुदगुल्या थांबायच्या.

माझी गिटार ही उशिरा आलेली हौस. कॉलेजात असताना धोबी तलावला उतरलो की जेर महालखालच्या फुर्ताडोजच्या काचेपाशी पाच मिनिटं थांबायचं, असा नेम होता. १८६५ सालापासूनचं दुकान; आतले पियानो असे बसलेले असायचे, की आत जाऊन किंमत विचारणं म्हणजे एखाद्या श्रीमंत नातेवाइकाकडे न कळवता जेवायला जाण्यासारखं वाटायचं. गिटार तिथून नाही घेतली. पुढे नोकरी लागल्यावर, तीही बरीच वर्षं झाल्यावर, एका मित्राने घर बदलताना त्याची जुनी कलकत्ता बनावटीची मला दिली, बदल्यात एक ओल्ड मंक आणि एक जेवण. मग व्हिडिओ बघून शिकणं सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं. नवं गाणं पहिले दोन दिवस फार गोड लागतं, तिसऱ्या दिवशी त्यात एफ येतो. की मग पुढचं गाणं. असं करत करत मला चाळीसेक गाणी अर्धी येतात.

अर्धी म्हणजे पहिली अर्धी.

हे असं का, ते लिफ्टनंतरच्या रविवारी कळलं. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मी स्वतःला वाजवताना रेकॉर्ड केलं, आणि सोमवारी गाडीत बसायला मिळाल्यावर कानात घालून ऐकलं. (मुलुंडहून सकाळी बसायला मिळतं म्हटलं तर लोक मला खोटारडा म्हणतील. घाटकोपरला मिळालं.) चुकलो की मी गाणं पहिल्यापासून सुरू करत होतो. वीस मिनिटांत सुरुवात चौदा वेळा वाजवली होती. सुरुवात छानच येणार! एफपाशी यायचो, अडायचो, 'च्' करायचो, परत पहिल्यापासून. आणि जे मी 'थांबणं' समजत होतो ते नुसतं थांबणंही नव्हतं. त्यात खुर्ची करकरते, तारेवरून बोट घसरल्याचा चिरका आवाज येतो, मी नाकाने जोरात श्वास ओढतो. एक लहानसं नाटकच. दर वेळी तसंच, त्याच क्रमाने. खुर्चीसकट पाठ झालेलं.

आणि मला गिरगावातल्या समोरच्या खोलीतल्या काकू आठवल्या. आमच्या चाळीत दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं की त्यांची पेटी सुरू व्हायची. गाणं नाही, पलटे. एकच पलटा, आठवडाभर. आम्ही पोरं जिन्यात बसून 'गमप गमप' करत त्यांच्या नकला करायचो आणि हसून लोळायचो. पण मला मनातून गाणं ऐकायचं असायचं. कधीतरी त्या एखादी ओळ घ्यायच्या, मी कान टवकारायचो, आणि ओळीत कुठेतरी त्यांच्या मनासारखं झालं नाही की संपलं. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नाही यायच्या. जे दोन सूर बिनसले, तेवढेच दोन. सावकाश. दहादा, वीसदा. मग त्यांच्या आधीचा एक सूर जोडून तीन. मग पुढचा एक. आमच्या स्टोव्हवर भात शिजून व्हायचा, काकू अजून पाच सुरांवर. इतकी वर्षं समोर राहून मी त्यांचं पूर्ण गाणं ऐकलंच नाही. गणेशोत्सवात चाळीच्या मांडवात एकदा म्हटलं होतं म्हणे, आणि लोक फार हेलावले होते म्हणे. मी तेव्हा मागे प्रसादाच्या रांगेत होतो.

तर मी काकूंची नक्कल करायची ठरवली. यावेळी न हसता.

गाणं बंद. फक्त सी आणि एफ. सकाळी पाणी यायच्या आधी वीस मिनिटं, बेडरूमचं दार लावून, ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात तिथे, तारांखाली हातरुमाल सरकवून, म्हणजे आवाज दबतो. फोनवर एक मिनिटाचा टायमर, आणि सीवरून एफवर व परत, असे किती बदल होतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी चौदा. त्यातले निम्मे एफ म्हणजे एफ नव्हतेच, भाकरी तव्याला चिकटल्यावर येतो तसा आवाज होता. ज्यांनी गिटार धरलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की एफमध्ये तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांतल्या पहिल्या घरात) सहाही तारा दाबायच्या असतात आणि उरलेल्या तीन बोटांनी वरचं काम करायचं असतं. तर्जनी मऊ असते तिथे तार रुतते आणि वाजत नाही. बोट किंचित कुशीवर वळवून हाडाची कड द्यावी लागते. हे सगळे व्हिडिओ सांगतात. आठ दिवसांत माझा आकडा चौदाचा सोळा झाला आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की भाजीची पिशवी उजव्या हातात घ्यावी लागे.

शेवटी गिटार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. धोबी तलावच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालची जागा, भिंतीला हाडं लटकवावीत तशा गिटारींच्या माना लटकवलेल्या, फेव्हिकॉल आणि पॉलिशचा वास. त्यांनी वाजवून पाहिलीच नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि म्हणाले, आता हाच एफचा आकार एक घर पुढे धरा. धरला. वाजला! सहाच्या सहा तारा. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते हसायला लागले. गिटारच्या मानेच्या टोकाला ज्या पट्टीतून तारा येतात, तो नट, त्याच्या खाचा उथळ होत्या. त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तार नको तितकी उंच. नटच्या इतक्या जवळ तार मुळातच ताठ लागते, त्यात ही उंची. त्यांनी सुईसारख्या बारीक कानशीने एकेक खाच घासली, मध्येच फुंकर मारायची, तार बसवून बघायची, परत घासायची. अर्धा तास. "अकरा वर्षं असंच वाजवत होतात?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती की आदर, मला नक्की ठरवता आलं नाही.

येताना गाडीत मी खूश होतो. माझी चूक नव्हती, हाडाच्या पट्टीची चूक होती! घरी येऊन बायकोला एफ वाजवून दाखवला. स्वच्छ वाजला. मग म्हटलं, ऐक, गाणं ऐक. सी, ए मायनर, सी... आणि थांबलो. खुर्ची करकरली. नाकाने श्वास ओढला. मग एफ, स्वच्छ.

बायकोने त्या फटीत तिचा श्वास घेतला होता, सवयीने. "छान वाजतंय की आता," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

तेव्हा जरा खचलो. अडथळा गेला होता आणि थांबणं तसंच होतं. रस्त्यातला खड्डा बुजवल्यावरही रिक्षावाला तिथे आपोआप वळण घेतो, तसं. मी रात्री हिशेब केला: आठवड्याला चार दिवस, अर्धा तास, अकरा वर्षं, म्हणजे जवळजवळ अकराशे तास. अकराशे तास मी ती फट घोटली होती. त्याच सुमारास, कुठल्याही कलेत तरबेज व्हायला लागतात म्हणतात त्या प्रसिद्ध दहा हजार तासांचं मूळ वाचनात आलं. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला हा आकडा. लोकांनी तासच तेवढे उचलले. एरिक्सन मात्र भर देत होते तो एकट्याने, नेमक्या उणिवेवर, नेम धरून केलेल्या सरावावर, ज्यात मजा फारशी नसते. त्याच अभ्यासात सर्वांत सरस विद्यार्थी दुपारी झोपायचे जास्त, असंही दिसलं होतं. हा भाग मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. वामकुक्षीला बर्लिनहून पाठिंबा मिळाला, हे सांगायलाच हवं होतं.

खरी गोष्ट सापडली ती हळू वाजवताना. हळू म्हणजे किती, तर ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर मिनिटाला चाळीस ठोके आणि एका बदलाला चार ठोके. इतकं हळू, की कंटाळ्याने जांभई यावी. त्या जांभईत माझं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. सी धरताना माझी अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर असते. एफ धरताना ती कुठे जाते? मी बोट उचललं, चारही बोटं उचलली, हवेत मूठ उघडल्यासारखी केली, आणि अनामिका परत खाली ठेवली. पाचवी तार. तिसरा फ्रेट.

तिथेच!

मी दोनदा, तीनदा करून पाहिलं. तेच बोट, तीच तार, तोच फ्रेट. अकरा वर्षं मी ते बोट उचलून, हवेत फिरवून आणून, होतं तिथेच ठेवत होतो. म्हणजे शेजारच्या खोलीत जायला घराबाहेर पडून जिना उतरून परत चढायचं. चार वर्षांच्या पोराला दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण वेगात हात नुसता फडफडतो, आणि मी कधी त्याच्याकडे बघतच नव्हतो, मी एफकडे बघत होतो. आतून हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही, कशाचं कोण जाणे. पहाटे सहाला बेडरूममध्ये एक चाळिशी उलटलेला माणूस स्वतःच्या अनामिकेकडे बघत बसला होता.

मग त्या बोटाला बसायला शिकवणं सुरू झालं. आकडा सोळावरून थेट नऊवर आला. नवी हालचाल जुन्या हालचालीच्या पायात पाय घालते. बोट उठायला बघायचं, मी दाबून धरायचो, की इतर तिघं रुसून बसायची. गाडीत बॅगेच्या पट्ट्यावर हाच उद्योग. समोरच्या सीटवरच्या एका काकांनी विचारलंही, मुंग्या येतात का हो हाताला? जानेवारीत बावीस, फेब्रुवारीअखेर तेहतीस. एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. नुसते सी-एफ, सी-एफ केले की आकडा चढायचा आणि दुसऱ्या दिवशी अर्धा गळून पडलेला असायचा. मध्ये ए मायनर, जी मिसळून, क्रम बदलत केलं, की त्या दिवशी घोटाळा व्हायचा पण दुसऱ्या दिवशी जास्त शिल्लक राहायचं. चौथ्या मजल्यावरच्या आजी एकदा जिन्यात म्हणाल्या, "अरे, तुझं गाणं कधी सुरू होतं रे? नुसतं टुंग टुंग ऐकू येतं." मला काकूंच्या पेटीची आठवण झाली. आजींना म्हटलं, होईल. त्यांना वाटलं गिटार बिघडलीय.

उजव्या हाताचा धडा मात्र गाडीत मिळाला. आमच्या डब्यात एक भजनी मंडळ असतं. टाळ, एक छोटी ढोलकी, बाकी हाताला येईल ते, पार्टिशनचा पत्रासुद्धा. घाटकोपरला गर्दी घुसली, कुणाची कोपरं कुणाच्या बरगड्यांत, मुख्य म्हणणारा गृहस्थ ओळ विसरला, आणि तरीही टाळ चालूच. एकाने नुसतं 'विठ्ठल विठ्ठल' घालून फट भरून काढली, तोवर याला ओळ आठवली. कुणी थांबलं नाही, कुणी 'च्' केलं नाही. मी पुढे कुर्ल्यापर्यंत त्या टाळ वाजवणाऱ्या हाताकडेच पाहत होतो. माझा उजवा हात डाव्याची वाट बघतो. डावा पोचला की मग हा निघतो. त्या रात्री मी उलटं केलं. उजवा हात वर-खाली, वर-खाली, काही झालं तरी चालू. डावा पोचला तर पोचला, नाहीतर मोकळ्या तारा वाजू देत. पहिल्यांदा ऐकायला भयंकर. पण चांगले वाजवणारे हेच करतात, हे नंतर नीट कान देऊन ऐकल्यावर कळलं. कॉर्ड बदलायच्या आधीच्या शेवटच्या वरच्या स्ट्रोकला त्यांची बोटं निघालेली असतात, मोकळ्या तारा क्षणभर वाजतात, आणि आपल्याला ते ऐकूच येत नाही, कारण ताल कुठे तुटत नाही.

जूनमध्ये वाटलं, झालं. आणि मग जुलै. मुंबईच्या जुलैत पापड, बिस्किटं, दारं आणि गिटार सगळ्यांचं एकच होतं. लाकूड पाणी पितं, पुढची फळी पोट फुगल्यासारखी वर येते, तिच्याबरोबर ब्रिज वर, आणि तारा उंच. एफ पुन्हा जड. तारांवर दोन दिवसांत तांबूस गंज, बोटांना लोखंडाचा वास. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून केसमध्ये टाकल्या, वाजवून झालं की जुन्या बनियनने तारा पुसल्या. आकडा एकोणतीसवर घसरला आणि मी दहा-बारा दिवस गिटार धरलीच नाही. हे लिहायचं नव्हतं, पण धरली नाही. नव्या गाण्यांचे व्हिडिओ बघत बसलो. त्यातल्या एकात एफ नव्हता, ते जवळजवळ पूर्ण आलं.

सप्टेंबरात तारा बदलल्या, हवा सुकायला लागली, आणि एका सकाळी बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती तेव्हा मी ते गाणं वाजवलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. ती गुणगुणायला लागली. दुसरी ओळ आली, ती श्वासासाठी थांबली, मी थांबलो नाही. ती मागे राहिली. चहाचा कप तसाच हातात, भुवया वर. "अरे, मला श्वास तरी घेऊ दे," ती म्हणाली. मी पुन्हा वाजवलं, ती पुन्हा मागे राहिली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, राहू दे, आधीचं बरं होतं. चेष्टेत म्हणाली. बहुतेक चेष्टेतच.

कोजागरीला गच्चीवर गेलो तेव्हा दुधावर चंद्र धरायचा खटाटोप चालला होता आणि ढग दाद देत नव्हते. तळमजल्यावरच्या काकांनी तबला हातोडीने ठोकून घेतला, पोरं सतरंजीवर पुढे येऊन बसली, तिसऱ्या मजल्यावरचीही होती, आता पाचवीत, एकच वेणी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय, की ह्या वर्षी मी अर्धा सेकंद लवकर येणार आहे? गाणं सुरू झालं. पहिली ओळ. दुसरी. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तरीही श्वास घेतला. पोरांचे हात हवेत. काकांचं तिरकिट पडलं, नेहमीसारखं सुबक. आणि त्या सगळ्यांच्या खालून माझा एफ निघून गेला, पहिली तार जराशी भणभणली, पण निघून गेला. आणि त्याच्याबरोबर, एवढ्या चाळीस माणसांत, एकच बारीक आवाज पुढच्या शब्दावर होता. ती डोळे मिटून म्हणत होती. शाळेत शिकवल्यासारखं.

बाकीची गच्ची दोन ओळी अडखळत आमच्या मागून आली. गाणं संपल्यावर काकांनी तबल्यावरून हात काढले, रुमालाने घाम पुसला आणि माझ्याकडे वाकून हळूच, म्हणजे मला वाईट वाटू नये अशा आवाजात, म्हणाले, "दुसऱ्या ओळीत चुकलात हो. पण मी सांभाळून घेतलं."